सोयरीक दोन भाषांची

घराबाहेर पडताना आपल्या भागात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मराठी घरात ‘येतो’ म्हणतात, कन्नड घरात ‘बर्तीनि’ म्हणतात. अर्थ एकच, मी परत येणार आहे. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालेच तर आतून आजीचा आवाज येतो, ‘अरे, येतो म्हणावं!’ कन्नड घरातली अज्जीही हेच करते. संक्रांतीला इकडे तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलायला सांगतात, तिकडे एळ्ळु-बेल्ला देऊन तेच सांगतात. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात आणि त्या दिवशी कडुलिंब आणि गूळ दोन्ही घरांत जिभेवर ठेवला जातो. कन्नडमधून मराठीत आलेल्या शब्दांची यादी शाळेच्या व्याकरणात असते. अडकित्ता, तूप, खलबत्ता, अण्णा, अक्का हे शब्द त्यात हमखास भेटतात. उलट बाजूने पाहावे तर धारवाडकडच्या कन्नडमध्ये ‘चहा’ आहे, ‘गडबड’ आहे आणि ‘खरे’सुद्धा आहे. खरे बोलण्यासाठी दोन्ही भाषांना एकच शब्द पुरला आहे.

इतके सारे सामाईक असताना मराठी आणि कन्नड घरांत सोयरीक झाली की सुरुवातीची काही वर्षे एवढी अवघड का जातात? भाषा येत नाही हे कारण क्वचितच असते. बेळगावच्या खडेबाजारात कापड घेताना किंवा निपाणीच्या एस.टी. स्टँडवर गाडीची चौकशी करताना कोण कोणत्या भाषेत सुरू झाला आणि कोणत्या भाषेत संपला, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. बाजारात जीभ मोकळी असते. तीच जीभ सोयऱ्यांच्या सोप्यावर बसली की अडखळते. कारण तिथे चांगले दिसायचे असते.

आपल्या सगळ्यांच्या माहितीतली एक सून आहे. माहेर मराठी, सासर कन्नड, किंवा नेमके उलट. आईचा फोन आला की ती मोबाईल घेऊन परसात जाते, आवाज खाली आणते, दोन वाक्यांत बोलणे आटोपते आणि आत येऊन सासूबाईंना उगाचच सांगते, ‘काही विशेष नाही, सहज केला होता.’ तिला कुणी मनाई केलेली नसते. सासूबाई बऱ्याचदा मनाने चांगल्याच असतात. पण आपली भाषा या घरात परकी वाटेल, आपण अजून ‘तिकडचे’च आहोत असे दिसेल, ही धास्ती तिच्या मनात पहिल्या दिवशी बसलेली असते. तसाच एक जावई असतो. सासुरवाडीला गेला की प्रत्येक गोष्टीला ‘हौद्री, हौद्री’ म्हणत मान हलवतो. जेवण आवडले का, हौद्री. झोप झाली का, हौद्री. चार वर्षे झाली तरी त्याला शेंगदाण्याची चटणी चालते की नाही हे त्या घराला ठाऊक नसते. भांडण कधी झालेले नसते, पण ओळखही झालेली नसते.

लोक याला ‘जुळवून घेणे’ म्हणतात. पण त्या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. सासरची भाषा शिकणे ही एक, आणि माहेरची लपवणे ही दुसरी. शिकण्याने माणसात भर पडते. लपवण्याने तो आहे त्यातून वजा होतो, आणि समोरच्याच्या पदरात तर काहीच पडत नाही. गंमत अशी की पहिली गोष्ट मनापासून करणाऱ्याला दुसरीची गरज पडत नाही, हे आपल्याच भागातल्या माणसांनी दाखवून दिले आहे.

एकाने वाचायचे, दुसरीने लिहायचे

याचे सर्वांत सुंदर उदाहरण उमा आणि विरुपाक्ष कुलकर्णी या जोडप्याचे. उमाताईंचे माहेर बेळगावचे, मराठी. विरुपाक्षांचे घर कन्नड. संसार पुण्यात झाला. विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, उमाताई ऐकायच्या आणि मराठीत लिहायच्या. शिवराम कारंत, एस. एल. भैरप्पा यांच्यासारखे लेखक मराठी वाचकांच्या घरोघरी पोचले ते मुख्यतः या वाटेने. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी उमाताईंना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. भैरप्पांचे ‘पर्व’ आज मराठी घरांत इतके आपलेसे झाले आहे की ते मुळात कन्नड आहे हे पुष्कळांना सांगावे लागते. विरुपाक्षांनी आपल्या बाजूने मराठीतले साहित्य कन्नडमध्ये नेले.

आता या मांडणीकडे जरा संसाराच्या नजरेने पाहा. तिने मराठी सोडली नाही, उलट तिचे सगळे काम मराठीतच झाले. त्यानेही कन्नड सोडली नाही, तो दुसऱ्याचे साहित्य आपल्या भाषेत नेत राहिला. दोघांनी एकमेकांना आपापले दिले ते पूर्णच्या पूर्ण दिले, अर्धेमुर्धे करून नाही. अनुवाद करणाऱ्याला माहीत असते की मधेच एखादा शब्द अडतो. ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ असे विचारावे लागते. हा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो, त्या घरात कुणाला परसात जाऊन फोनवर बोलावे लागत असेल असे वाटत नाही.

सगळ्यांनी अनुवाद करावेत असे नाही, आणि ते शक्यही नाही. पण ‘तुमच्यात काय म्हणतात?’ हा प्रश्न प्रत्येक स्वयंपाकघरात विचारता येतो. भरल्या वांग्याला एण्णेगाई, कोशिंबिरीला कोसंबरी, पुरणपोळीला होळिगे. नावे नुसती समजून घेतली तरी दोन पिढ्यांचे बोलणे सुरू होते. पुरण वाटायचे की चाळणीतून काढायचे, यावर तर दोन्हीकडच्या सासूबाई तासभर बोलू शकतात, आणि त्या तासात सुनेला जे कळते ते इतर कुठल्याही प्रसंगी कळत नाही. नात्यांच्या शब्दांचेही तसेच आहे. कन्नडमध्ये ‘मावा’ म्हणजे मामाही आणि सासराही, ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. कारण तिकडच्या अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरीच मुलगी द्यायची रीत होती. काही घरांत तर सख्ख्या बहिणीच्या मुलीशीही लग्ने झाली. मामाची मुलगी मराठीतही अनेकांना चालते, पण भाचीशी लग्न हे मराठी कानाला खटकते. खटकले तर खटकले. ‘छे छे, आम्हाला त्यात काही वाटत नाही’ असे खोटे बोलण्यापेक्षा ‘आमच्यात हे नसतं, तुमच्यात कसं आलं?’ असे सरळ विचारलेले बरे. त्यावर एखादी अज्जी आपल्या लग्नाची गोष्ट सांगू लागते, आणि वाटण्या, शेतजमीन, आजारी आई असे बरेच काही बाहेर येते. रीत कळली की नवल ओसरते, आणि नाही ओसरले तरी कुणाचा अपमान झालेला नसतो.

घरात एक, कवितेत दुसरी

धारवाडचे द. रा. बेंद्रे ही तर आणखी पुढची गोष्ट. १८९६ साली धारवाडात जन्म, घरची भाषा मराठी, आणि कन्नडमधले विसाव्या शतकातले अगदी पहिल्या रांगेतले कवी. ‘अरळु-मरळु’ला १९५८चा साहित्य अकादमी पुरस्कार, ‘नाकु तंती’ला १९७३चे ज्ञानपीठ. १९४३ साली शिवमोग्याला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुढे सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे त्यांनी कन्नड शिकवली. सोलापूरही आपल्यासारखेच दोन-तीन भाषांत नांदणारे गाव.

बेंद्र्यांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्यांची कन्नड पुस्तकी नव्हती. धारवाडच्या गल्लीत, आठवडी बाजारात, बायकांच्या गाण्यांत जी बोलली जाते ती कन्नड त्यांनी कवितेत आणली. बाहेरून आलेला माणूस बहुधा शुद्धतेच्या मागे लागतो, कारण चूक झाली तर आपण ‘परके’ ठरू ही भीती असते. बेंद्रे त्या भीतीत अडकले नाहीत. दुसरी गोष्ट, त्यांनी मराठी झाकून ठेवली नाही. मराठीतही लेखन केले, विठ्ठल संप्रदायावर लिहिले. ज्ञानेश्वरांनी ज्याला कानडा म्हटले, तो पंढरीचा देव बेंद्र्यांना दोन्ही भाषांतून ओळखीचा होता. कवितेखाली त्यांनी नाव लिहिले ते ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईचे नाव पुढे, आपले मागे. मराठी आईचे नाव कन्नड कवितेच्या प्रत्येक पुस्तकावर आले आणि त्यामुळे कुणा कन्नड वाचकाचे प्रेम कमी झाले नाही. धारवाडात लोक त्यांना आदराने ‘वरकवी’ म्हणत राहिले.

आता कुणी म्हणेल, ही मोठी माणसे, त्यांची गोष्ट वेगळी. तसे नाही. बेळगावकरांना पु. ल. देशपांड्यांचे ‘रावसाहेब’ माहीत आहेत. पु. ल. काही काळ राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला इथे होते, तेव्हाचा हा स्नेह. ‘गणगोत’मधले हे रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. त्यांची मराठी कानडी वळणाची, लिंगाचा पत्ता नसलेली, शिव्यांनी भरलेली. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे कन्नड जिभेला मराठीतले ‘तो दरवाजा, ती खिडकी, ते घर’ हे काही केल्या पटत नाही. रावसाहेबांनी ही मराठी कधी सुधारली नाही, आणि गाणे-नाटकाच्या जगातली मोठमोठी माणसे त्यांच्यावर जीव टाकत राहिली. सभ्य भाषेत खोटे बोलणाऱ्यांपेक्षा मोडक्या भाषेत जिव्हाळा लावणारा माणूस लोकांना कळतो. (शिव्यांचे अनुकरण मात्र सासुरवाडीत करू नये, त्याला रावसाहेबांचा अधिकार लागतो.)

उलट टोकाचा माणूस म्हणजे जी. ए. कुलकर्णी. तेही याच जिल्ह्यातले. आयुष्याची बरीच वर्षे धारवाडात इंग्रजी शिकवत काढली आणि सगळ्या कथा मराठीत लिहिल्या. सभा-समारंभांना जायचे नाही, फोटो नको, काळा चष्मा. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो परत केला. अशा माणसाला आपल्याकडे ‘माणूसघाणा’ म्हणून मोकळे होतात. पण जी.एं.च्या पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले आणि लोक चकित झाले. सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचाच एक स्वतंत्र खंड आहे. गावगप्पा न करणारा हा माणूस पत्रांत किती मोकळा, किती मिस्कील आणि किती आतले सांगणारा होता. त्यांच्या जिव्हाळ्याची वाट पत्रातून जात होती, सोप्यावरच्या गप्पांतून नाही, एवढेच. दोन भाषांच्या घरात गप्प बसणाऱ्या जावयाबद्दल किंवा सुनेबद्दल मत बनवताना हे आठवावे. तो रुसलेला नसेल, भाषेने अडलेलाही नसेल. मुळातच अबोल असेल. त्याला जबरदस्तीने ‘मिक्स’ व्हायला लावण्यापेक्षा त्याची वाट कोणती ते पाहावे. कुणी बागेत बोलतो, कुणी क्रिकेट बघताना.

एक नोव्हेंबर

इथवर सगळे गोड झाले. पण आपल्या घरांत एक गोष्ट आहे जिच्यावर कुणी बोलत नाही, आणि ती टाळून हा लेख पुरा करणे म्हणजे वर टीका केलेले सोंगच होईल.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ मध्ये, तेही १ नोव्हेंबरलाच, बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्या एकाच तारखेला गावात एकीकडे राज्योत्सवाची लाल-पिवळी निशाणे असतात आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. मिश्र घरात त्या सकाळी चहा जरा लवकर आटोपतो. टीव्हीचा आवाज कमी होतो. कुणी तरी म्हणते, ‘आपल्याला काय करायचंय, आपण सगळे एकच.’

हे वाक्य मला पटत नाही. हेतू चांगला असेल, पण ते खरे नाही. आजोबांनी सत्याग्रहात तुरुंग पाहिला असेल तर नातवाला त्याचे काही वाटत नाही असे कसे होईल? आणि ज्या सुनेचे वडील कन्नड शाळेत आयुष्यभर मास्तर होते, तिला राज्योत्सवाचा आनंद नसावा अशी अपेक्षा का? मते वेगळी असू द्यावीत. ती घरात माहीत असावीत. सासऱ्यांनी जावयाला एकदा स्पष्ट सांगावे, ‘हे बघा, माझं मत असं आहे, तुमचं वेगळं असणार, मला माहीत आहे.’ जावयानेही तितक्याच स्पष्टपणे आपले सांगावे. त्यानंतर जेवायला बसायला काय हरकत आहे? एकमेकांचे मत ठाऊक असलेली माणसे एका पंगतीत बसू शकतात. अडचण होते ती कुणाच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसताना. मग साध्या चेष्टेचाही दंश होतो.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. बाहेरच्या भांडणाचा हिशोब घरातल्या माणसाकडून वसूल करायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या वादातून बेळगावजवळ एका बसवाहकाला मारहाण झाली, त्याचे पडसाद दोन्ही राज्यांत उमटले आणि काही दिवस दोन्हीकडच्या गाड्यांची ये-जा बंद पडली. अशा दिवसांत ‘तुमची माणसं’ हा शब्द घरात फार सहज येतो. कोण तुमची? समोर बसलेली सून त्या बसमध्ये नव्हती. दुसरे पथ्य मुलांचे. ‘तू मराठी की कानडी?’ हा प्रश्न पाहुणे हसत हसत विचारतात. मूल आईकडे पाहते, मग वडिलांकडे पाहते. असा प्रश्न विचारणाऱ्याला घरातल्या मोठ्यांनी तिथल्या तिथे थांबवले पाहिजे. मग तो मामा असो नाही तर मावा.

ताई कोण, तंगी कोण

मुलांना खरे तर या घोळात मजा येते, मोठ्यांनी ती घालवली नाही तर. मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण, कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण, मराठीत पैशांची चणचण. ‘तंगी आली’ म्हटल्यावर एका आजोबांचा चेहरा उजळतो आणि दुसऱ्यांचा उतरतो, हा विनोद चार वर्षांच्या मुलालाही कळतो. बायको नवऱ्याला इकडे ‘अहो’ म्हणते, तिकडे ‘री’. बेळगावकडच्या मराठीत तर बाईही ‘मी येतो’ म्हणते आणि पुण्याचे नातेवाईक हसतात. कन्नडमध्ये ‘बर्तीनि’ म्हणताना बाई आणि पुरुष असा भेदच नाही. पुण्याच्या पाहुण्यांसाठी ‘येते’ म्हणायला शिकवायचे असेल तर शिकवावे, पण ‘येतो’ला चूक म्हणू नये. ती आजीची बोली आहे.

लिपीचे तेवढे मनावर घ्यावे लागते. बोलणे कानाने येते, लिपी कुणी तरी बसून शिकवल्याशिवाय येत नाही. ज्या भाषेतली शाळा नाही त्या भाषेतले वाचन पहिल्या पिढीतच सुटते, आणि मग आजोबांनी मागे ठेवलेली वही नातवंडांना नुसती बघता येते. कन्नड शाळेतल्या मुलाला देवनागरी अवघड नाही, कारण हिंदीच्या निमित्ताने ती येतेच. तिला फक्त मराठी पुस्तक हातात मिळाले पाहिजे. मराठी शाळेतल्या मुलाला कन्नड अभ्यासासाठी येते, पण अज्जीला चार ओळी लिहिण्यासाठी ती कधी वापरली जात नाही. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलाने एक पोस्टकार्ड इकडच्या आजीला मराठीत आणि एक तिकडच्या अज्जीला कन्नडमध्ये टाकावे. चुका होतील. त्या दुरुस्त करून न पाठवता तशाच पाठवाव्यात. नातवाच्या हाताचे ते कार्ड अज्जी शेजारणीला वाचून दाखवील, चुकांसकट.

सध्या लग्नपत्रिका दोन लिपींत छापायची पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. छापखान्यात मजकूर देताना बहुतेक जण एक बाजू लिहितात आणि दुसरी नुसती भाषांतर करून घेतात. तसे करू नये. कन्नड बाजू कन्नड आजोबांना लिहू द्यावी, मराठी बाजू मराठी आजोबांना. दोन्हींत मायना वेगळा येईल, कुलदैवते वेगळी येतील, मानाच्या माणसांचा क्रमही वेगळा असेल. छापखानेवाला विचारील, ‘मजकूर जुळत नाही, चालेल का?’ चालेल म्हणून सांगावे.